महाविद्यालयाचा फुटबॉल हंगाम आणि आपली मुले

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून पदवीच्या वर्गात गेलेले विद्यार्थी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना वा परतताना विद्यालयात डोकावतात. त्यांच्यातील फुटबॉल खेळणाऱ्यांना आम्ही दरवेळी एकच प्रश्न विचारतो : यंदा किती सामने झाले? उत्तर बहुधा ‘एक’ असेच येते. कधी कधी ‘मी बाहेरच बसलो होतो’ असेही येते. पहिले उत्तर खेळाच्या रचनेतून आलेले आहे. दुसऱ्याचे कारण वेगळे आहे आणि ते पालकांना व विद्यार्थ्यांना कळावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

अकरावी-बारावीचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या इमारतीत शिकत असला, तरी खेळाच्या दृष्टीने तो शालेयच असतो. त्याच्या स्पर्धा एकोणीस वर्षांखालील गटात होतात. महाविद्यालयाचा संघ खऱ्या अर्थाने पदवीच्या प्रथम वर्षापासून सुरू होतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची; अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवते आणि यजमानपद एखाद्या महाविद्यालयाकडे सोपवते. अकोल्यातील कृषी महाविद्यालयाच्या मुलांचा मात्र यात समावेश नसतो. त्यांचे विद्यापीठ निराळे, म्हणून त्यांचा हंगामही निराळा.

स्पर्धा बाद पद्धतीची असली, की हरलेल्या संघाचा हंगाम तेथेच संपतो. अकोल्याचा संघ पहाटे एस.टी.ने निघतो, शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून अमरावतीला पोहोचतो, दुपारी हरतो आणि रात्री परततो. मात्र, संघ हरला तरी खेळाडू संपत नाही. विद्यापीठाचा संघ निवड चाचणीतून बनतो आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. त्या संघातील खेळाडूला आपल्याकडे ‘कलर कोट’ म्हणतात. तो कोट अंगावर घालून गावी आलेला मुलगा आम्ही पाहिला आहे. त्या दिवशी त्याच्या आईने शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला होता. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या या विभागीय स्पर्धांतून आघाडीचे संघ अखिल भारतीय पातळीवर जातात.

हंगामाला वऱ्हाडात आणखी एक विरोधक आहे, तो म्हणजे आपली काळी माती. कापसाला ती कसदार, फुटबॉलला वैरीण. पावसात तिचा चिखल बुटाला धरून बसतो आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत घोटा मुरगळतो. मुरूम टाकून दाबलेले मैदान ज्याच्याकडे आहे, त्याच्या सरावाचे दिवस आपोआप वाढतात. शिवाय पाऊस ओसरून मैदान वाळते, नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी येते आणि पाठोपाठ कापूस वेचणी. शेतमजुराचा मुलगा त्या दिवसांत सरावाला का येत नाही, हे क्रीडा शिक्षकांनी त्याला रागावण्यापूर्वी विचारावे, एवढीच आमची विनंती.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. आमचा एक माजी विद्यार्थी उत्तम गोलरक्षक होता. पदवीला प्रवेश मिळाला, सरावही सुरू झाला. पात्रता अर्ज भरताना बारावीच्या मूळ गुणपत्रिकेची गरज पडली. ती आधीच्या महाविद्यालयाने थकलेल्या फीपोटी ठेवून घेतली होती आणि शिष्यवृत्ती जमा झालेली नव्हती. मुदत टळली. संघ गेला, तो राहिला. त्याला कोणी जात विचारली नाही, कोणी अपमानही केला नाही. त्याचे नाव यादीत आले नाही, इतकेच.

इतिहासाच्या तासाला आम्ही पालवणकर बाळू यांच्याविषयी सांगतो. चांभार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्यात साहेबांच्या मैदानाची देखभाल करीत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले गेले नाही. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले; तो इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे.) बाळूंना अडवणारे लोक डोळ्यांना दिसत होते. आमच्या गोलरक्षकाला अडवले ते एका कागदाने, आणि कागदाशी भांडता येत नाही.

जे महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांचे काय? याचे एक उत्तर आपल्या विदर्भातच दिले गेले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक प्रा. विजय बारसे यांनी भर पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतील मुले पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा २०२२ चा चित्रपट याच कार्यावर आधारलेला असल्याने आपल्या मुलांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की बारसे सर रोज ज्या संघाला शिकवत होते तो नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांचा होता आणि बादलीवाली मुले त्यात कधीच बसली नसती. म्हणून त्यांना स्वतंत्र स्पर्धा उभारावी लागली. तिथली मुले पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झालेल्या या स्पर्धेत एका बाजूला चारच खेळाडू असतात, मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद, आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात उतरता येते, कारण पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कोणाला मिळावी. हा नियम आम्हांला फार आवडतो.

बाविसाला सोळा मीटर एवढी मोकळी जागा आपल्या वसतिगृहामागेही आहे. मुले तिथे अनवाणी खेळतात, मुलीही अलीकडे उतरू लागल्या आहेत. संघ तयार व्हायला ती पुरे आहे. कागदांसाठी मात्र आम्ही आता निराळी सोय केली आहे. निरोप समारंभाच्या आठवड्यातच प्रत्येक मुलाची फाईल तयार होते : शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, जातीचा दाखला, गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती. प्रत्येक कागदाचे दोन संच करतो. एक त्याच्या हाती, दुसरा कार्यालयातील लोखंडी कपाटात. पुढच्या महाविद्यालयाने मूळ गुणपत्रिका अडवली, तर त्याच दिवशी आम्हांला फोन करायचा, हेही मुलांना बजावून ठेवले आहे. गेल्या वर्षी असे दोन फोन आले. दोन्ही वेळा आम्ही स्वतः गेलो आणि दोन्ही मुलांचे अर्ज मुदतीत दाखल झाले.