स्त्रियांसाठी बलवर्धक व्यायाम : अस्थी व मांसधातूंच्या रक्षणाचा विसरलेला उपाय

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या तक्रारी आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. कंबर दुखते, गुडघे धरतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, भरलेली बादली उचलवत नाही. आपण लाक्षादि गुग्गुळ, अश्वगंधा चूर्ण, अभ्यंगासाठी तेल अशी योजना करतो आणि शेवटी एक वाक्य जोडतो, ‘जड काही उचलू नका.’ औषधयोजना योग्य असते. हे शेवटचे वाक्य मात्र तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मतामागे एक अनुभव आहे. त्रेसष्ट वर्षांच्या एक रुग्णा अनेक वर्षे माझ्याकडे औषध घेत होत्या. पथ्य काटेकोर, औषधात खंड नाही. माझ्या सांगण्यावरून त्यांनी पाणी भरणे, धुणे पिळणे, गादी उचलणे ही सर्व कामे सोडली होती. एके दिवशी न्हाणीघरात त्या घसरल्या व मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु त्यानंतर त्या आधारावाचून चालू शकल्या नाहीत. त्यांच्या केसपेपरवर औषधांची लांबलचक नोंद आहे. व्यायामाविषयी एक अक्षरही नाही. ती उणीव माझी होती.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाची जी व्याख्या आहे, तिच्यात दोन गोष्टी येतात : शरीराचे स्थैर्य आणि बलाची वृद्धी. म्हणजे केवळ घाम काढणे वा वजन उतरवणे हे व्यायामाचे मूळ प्रयोजन नव्हे. याच स्थानाच्या अकराव्या अध्यायात बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार सांगून, युक्तिकृत बल आहार व चेष्टा यांच्या योगाने मिळते असे म्हटले आहे. सहज बल आपल्या हाती नाही. वयानुसार घटणारे कालज बलही नाही. चिकित्सकाच्या हाती उरते ते युक्तिकृत बल, आणि त्याचे अर्धे अंग आपण सोडून दिले आहे.

अस्थिधातू हे वायूचे आश्रयस्थान. इतर दोष व त्यांचे आश्रय एकत्र वाढतात वा घटतात. अस्थी व वायू यांचा संबंध मात्र विपरीत आहे, हे वाग्भटाने स्पष्ट केले आहे. रजोनिवृत्तीनंतर वाताधिक्याच्या काळात स्त्रीचे अस्थिबल का ढासळते, याचे उत्तर या सूत्रात सापडते.

आधुनिक निरीक्षणे

जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम असा की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते. भार पडला तर हाड स्वतःस दृढ करते. भार काढून घेतला तर झिजते. कॅल्शियम वा लाक्षा हे बांधकामाचे साहित्य झाले. बांधकामाचा हुकूम स्नायूंच्या ओढीतून मिळतो.

अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० ते ७० वर्षे वयाच्या, रजोनिवृत्त स्त्रियांना वर्षभर आठवड्यातून दोन दिवस वजनाचे व्यायाम दिले गेले. त्यांची अस्थिघनता टिकली वा किंचित वाढली. व्यायाम न करणाऱ्यांची घटली. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अस्थिघनता आधीच कमी असलेल्या १०१ स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजनाचे व्यायाम करणाऱ्या गटात कटिकशेरुकांची घनता सुमारे २.९ टक्के वाढली; हलका व्यायाम घरी करणाऱ्या गटात ती सुमारे १.२ टक्के घटली. ज्यांना आपण ‘उचलू नका’ म्हणतो, त्याच या स्त्रिया.

लाभ अस्थींपुरता नाही. जेवणानंतर रक्तातील शर्करा सामावून घेण्यात सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा असतो. म्हणून प्रमेह, स्थौल्य व बीजकोशग्रंथींच्या विकारांत मांसधातूचे बल महत्त्वाचे ठरते. सुश्रुताने प्रमेहचिकित्सेत विहीर खणण्यासारखे श्रम सुचवले आहेत, ते उगाच नव्हे.

काही शंका

पहिली शंका : स्त्री पुरुषासारखी दिसू लागेल. पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण स्त्रीशरीरात पुरुषाच्या तुलनेत अत्यल्प असल्याने, आठवड्यातून दोनदा वजन उचलून असे होत नाही.

दुसरी शंका शास्त्रीय आहे. व्यायामाने वायू वाढतो व वाग्भटाने वृद्धांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, त्याचे काय? वातप्रकोप अतिव्यायामाने होतो. म्हणूनच बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने अर्धशक्तीने व्यायाम करावा, असा दंडक आहे. वृद्धांविषयीच्या निषेधाचा शब्दशः अर्थ मात्र आज पुन्हा तपासावा लागेल. १९९४ सालीच बॉस्टन येथील वृद्धनिवासातील १०० जणांवर, ज्यांत ६३ स्त्रिया होत्या व ज्यांचे सरासरी वय ८७ होते, दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबल दुपटीहून अधिक वाढले. मात्रा व देखरेख असेल तर वार्धक्य हा अडसर राहत नाही.

अर्धशक्ती म्हणजे हलका व्यायाम, असा गैरसमज रूढ आहे. कपाळी व काखेत घाम येणे, मुख शुष्क होणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही बलार्धाची लक्षणे होत. म्हणजे श्रम खरोखर व्हावयास हवेत. आणखी दोन-तीन वेळा उचलता आले असते, अशा अवस्थेत थांबणे हा अर्धशक्तीचा व्यवहार्य अर्थ समजावा.

परीक्षण व योजना

दशविध परीक्ष्य भावांत चरकाने व्यायामशक्तीचा समावेश केला असून ती कर्मशक्तीवरून जाणावी असे म्हटले आहे. त्यासाठी एक साधी खुर्ची पुरे. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठावयास व बसावयास सांगावे. १२ सेकंद वा अधिक लागल्यास बल क्षीण झाले आहे असे समजावे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये हाच निकष ठरवला आहे.

आरंभीची योजना पुढीलप्रमाणे असावी :

१) खुर्चीवरून उठणे-बसणे. २) भिंतीवर हात टेकून दंड काढणे. ३) कट्ट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे. ४) दोन्ही हातांत धान्याच्या पिशव्या धरून, पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून उठणे. ५) त्याच पिशव्या घेऊन चालणे.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन आवर्तने, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. बारा वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवावे. वजन न वाढवल्यास बलही वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाचे व्यायाम सांगितले आहेत. ज्यांची अस्थिघनता फार घटली आहे, त्यांनी जाणकार प्रशिक्षकाविना जड वजनास हात लावू नये.

व्यायामापूर्वी अभ्यंग हितकर. आहारात मूग, उडीद, तीळ, दूध व नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेल्या आमटीत भात कालवणाऱ्या गृहिणीस ती मिळतात का, हे वैद्याने विचारावे.

निषेध

अनियंत्रित रक्तदाब, हृद्रोग, नुकताच झालेला अस्थिभंग, ज्वर व अजीर्ण असता व्यायाम देऊ नये. अंग बाहेर येण्याची तक्रार असल्यास आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. गर्भिणीस व सूतिकेस प्रसूतितज्ज्ञाच्या अनुमतीनेच योजना द्यावी. रजःकाळी त्रास असल्यास विश्रांती द्यावी. वजन उचलताना श्वास कोंडू नये, हे प्रत्येकीस बजावावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

‘ताकदीचे काहीतरी द्या’ असे म्हणणारी स्त्री प्रथम आपल्या दुकानात येते. अश्वगंधा देताना ‘व्यायाम काय करता?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. घटक न छापलेली, झटपट ताकदीचा दावा करणारी चूर्णे विकू नयेत. वरील पाच व्यायामांचा कागद गल्ल्यापाशी ठेवल्यास विक्री घटणार नाही, विश्वास मात्र वाढेल.

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णेची चव्वेचाळीस वर्षांची कन्या काही महिन्यांपूर्वी चिकित्सालयात आली. ‘आईसारखे होऊ नये म्हणून आतापासून कोणती गोळी घेऊ?’ असा तिचा प्रश्न होता. मी तिला खुर्चीवरून पाच वेळा उठावयास सांगितले. चौदा सेकंद लागले. औषध लिहिण्याआधी केसपेपरवर तो आकडा नोंदवला व त्याखाली पाच व्यायाम लिहिले. चार महिन्यांनी तो आकडा दहावर आला आहे. आपल्या प्रत्येक केसपेपरवर अशी एक नोंद असावी, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती.