जयपूरचे दगडी घड्याळ

सुट्टीत राजस्थानची सहल निघाली की जयपूर त्यात असतेच. हवामहालासमोर छायाचित्र काढायचे, राजवाडा पाहायचा, आमेरचा किल्ला चढायचा आणि बाजारात लाखेच्या बांगड्या घ्यायच्या, असा बहुतेकांचा बेत असतो. राजवाड्याशेजारीच ‘जंतरमंतर’ नावाचे एक आवार आहे. तेथे पाट्या वाचून, दगडी जिन्यांकडे बघून, अर्ध्या तासात मंडळी बाहेर पडतात. पण जगात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळावे असे काही जयपूरमध्ये असेल, तर ते याच आवारात आहे. हे शहर वसवणाऱ्या राजाने राजवाड्याला लागून वेधशाळा बांधली. तिच्यात शिरण्यापूर्वी शहराची थोडी ओळख करून घेऊ.

चौकटीत वसवलेले शहर

पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेले मिर्झाराजे जयसिंग हे आमेरचे राजे. त्यांचे खापरपणतू म्हणजे सवाई जयसिंग. यांचा जन्म १६८८ चा. डोंगरातली आमेरची राजधानी अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी खाली सपाट मैदानावर नवे शहर वसवायचे ठरवले. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी त्याचा पाया घातला गेला. आखणीच्या कामात विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताचा मोठा वाटा होता. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, मध्ये चौरस पेठा, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या बांधणीची दुकाने. आधी कागदावर आराखडा आणि मग बांधकाम, हा क्रम त्या काळात विरळाच होता. आपण आज ज्याला गुलाबी म्हणतो तो रंग मात्र बराच नंतरचा. १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज आले तेव्हा शहर त्या रंगाने रंगवले गेले, असे सांगतात. हवामहालही जयसिंगांनंतरचाच. तो १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी बांधला.

जयसिंगांना स्वतःला सर्वांत जास्त ओढ होती ती आकाशाची. दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी त्यांनी वेधशाळा उभारल्या. मथुरेची आज शिल्लक नाही. जयपूरची सर्वांत मोठी. तिचे बरेचसे बांधकाम १७२८ ते १७३४ या काळात झाले. ‘जंतर’ म्हणजे यंत्र. यात जादूटोणा काही नाही. जे आहे ते सारे भूमितीचे आहे.

पितळ नको, दगड हवा

यंत्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पितळेची चकाकणारी उपकरणे येतात. जयसिंगांनीही प्रथम तशीच करून घेतली होती. पण त्यांना तीन अडचणी दिसल्या. एक, उपकरण लहान असल्याने त्यावर अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत. दुसरी, फिरणारे आस झिजतात. तिसरी, आस झिजला की वर्तुळाचा मध्य सरकतो आणि सारीच मापे चुकतात. मग त्यांनी ठरवले की यंत्रे प्रचंड मोठी करायची, दगडचुन्याची करायची आणि जमिनीत कायमची रोवायची. हलणारा भाग नसेल तर झिजणार काय?

मोठेपणाचा फायदा किती होतो, हे आपण सम्राट यंत्रावरच मोजून पाहू.

सत्तावीस मीटरचा शंकू

सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची एक त्रिकोणी भिंत. तिच्या उतरत्या कडेवर पायऱ्या आहेत. ही कड जमिनीशी सुमारे २७ अंशांचा कोन करते. हाच कोन का बरे? कारण जयपूरचा अक्षांश जवळजवळ २७ अंश आहे. भिंत दक्षिणोत्तर, तिचा चढ उत्तरेकडे आणि कोन अक्षांशाइतका, म्हणून ही कड पृथ्वीच्या आसाला अगदी समांतर होते. रात्री कडेच्या खालच्या टोकाशी डोळा लावून वर पाहिले तर नजर ध्रुवताऱ्याच्या जवळ जाते.

भिंतीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पंख पसरावेत तसे दोन वर्तुळचाप आहेत. त्यांची त्रिज्या सुमारे १५ मीटर. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, तेव्हा भिंतीची सावली पश्चिमेच्या चापावर पडते आणि हळूहळू खाली उतरते. दुपारी बारा वाजता ती भिंतीच्या पायथ्याशी येते. नंतर ती पूर्वेच्या चापावर चढू लागते.

आता हिशेब करा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर १५ अंशांचा चाप सुमारे ३.९ मीटर लांब असतो. म्हणजे सावली मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर आणि सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त सरकते. चापाशी पाच मिनिटे शांत उभे राहिलात तर सावली तुमच्या डोळ्यांदेखत फूटभर पुढे जाईल. खरे तर फिरते आहे ती आपली पृथ्वी. तिचे फिरणे नुसत्या डोळ्यांनी इतक्या स्पष्टपणे दिसेल अशा जागा फार थोड्या आहेत. या चापावरचा सर्वांत लहान भाग दोन सेकंदांचा आहे.

सावलीची कड कोठे आहे?

येथे एक खाचखळगा आहे. सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे सावलीला चाकूने कापल्यासारखी कड नसते. गडद प्रच्छायेच्या बाजूला फिकट उपच्छायेचा पट्टा असतो. १५ मीटर अंतरावर हा पट्टा सुमारे १४ सेंटिमीटर रुंद होतो. सावलीला इतके अंतर कापायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. मग दोन सेकंदांच्या रेघांचा उपयोग काय?

यंत्र आणखी मोठे करून ही अडचण सुटत नाही. त्रिज्या दुप्पट केली तर रेघांमधले अंतर दुप्पट होईल, पण धूसर पट्टाही दुप्पटच रुंद होईल. यंत्र टेबलाएवढे असो की डोंगराएवढे, पट्टा दोन मिनिटांचाच राहणार. कारण तो सूर्याच्या आकारातून आला आहे, यंत्राच्या आकारातून नव्हे.

यावर उपाय आहे तो मात्र साधा. चापाच्या पृष्ठभागापासून एखादा सेंटिमीटर वर एक ताणलेला दोरा किंवा बारीक काडी भिंतीच्या कडेला समांतर धरायची. उजेडात त्या काडीची स्वतःची बारीक सावली पडते. काडी हळूहळू मोठ्या सावलीकडे सरकवत नेली की एका जागी तिची सावली मोठ्या सावलीत विरून जाते. ती जागा वाचायची. अशा रीतीने अनुभवी माणूस काही सेकंदांपर्यंत बिनचूक वेळ सांगू शकतो. येथे यंत्राचा मोठेपणा कामी येतो, कारण ती जागा नेमकी दाखवायला बारीक रेघा तयार असतात. यंत्राची मर्यादा ओळखून वाचण्याची पद्धत सुधारणे, हा प्रयोगशाळेतला मोठा धडा आहे.

तुमचे घड्याळ चूक की यंत्र?

तुम्ही सम्राट यंत्रावर वेळ वाचाल आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहाल, तर बहुधा चांगला पंधरावीस मिनिटांहून जास्त फरक दिसेल. यंत्र बिघडले आहे असे समजू नका. ते जयपूरची स्थानिक सौर वेळ दाखवते. आपली भारतीय प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची आहे. जयपूर ७५ अंश ४९ मिनिटांवर, म्हणजे ६ अंश ४१ मिनिटे पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटे या दराने फरक सुमारे २७ मिनिटांचा होतो.

शिवाय आणखी एक दुरुस्ती आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. म्हणून सूर्याचा दिवस वर्षभर सारखा नसतो. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे १४ मिनिटे मागे असतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे. म्हणजे यंत्रावर बारा वाजले असता फेब्रुवारीच्या मध्याला तुमचे घड्याळ १२ वाजून ४१ मिनिटे दाखवील, आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून ११ मिनिटे. दोन्ही वेळा यंत्र बरोबर आणि घड्याळही बरोबर!

आवारात आणखी काय पाहाल?

नाडीवलय यंत्राला उत्तरेकडे एक आणि दक्षिणेकडे एक अशा दोन तबकड्या आहेत. २१ मार्च ते २३ सप्टेंबर उत्तरेच्या तबकडीवर ऊन पडते, उरलेल्या काळात दक्षिणेच्या. तुम्ही कोणत्या महिन्यात गेला आहात हे ते यंत्रच सांगते. जयप्रकाश यंत्र म्हणजे जमिनीत पुरलेल्या दोन संगमरवरी वाट्या. आकाशाचा गोल उलटा करून जमिनीत ठेवल्यासारख्या त्या आहेत. वर ताणलेल्या तारांच्या मध्यभागी असलेल्या कड्याची सावली वाटीवर जेथे पडते, तेथे सूर्याचे आकाशातले स्थान वाचता येते. वाटीत निरीक्षकाला उतरता यावे म्हणून मध्ये फटी सोडल्या आहेत, आणि एका वाटीत जेथे फट तेथे दुसरीत संगमरवर! राशिवलयाची बारा लहान यंत्रे बारा राशींसाठी आहेत. दक्षिणोत्तर भित्तियंत्रावर मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजता येते.

अशा मोजमापांचे फळ काय मिळाले? १७२९ मध्ये जयसिंगांना पृथ्वीच्या आसाचा कल २३ अंश २८ मिनिटे आढळला. हा कल शतकाला पाऊण मिनिटाहून थोडा जास्त कमी होतो आणि आज तो सुमारे २३ अंश २६ मिनिटे आहे. आजच्या गणिताने मागे जाऊन १७२९ चा कल काढला तर तो २३ अंश साडेअठ्ठावीस मिनिटांच्या जवळ येतो. दुर्बिणीशिवाय काढलेला आकडा अर्ध्या मिनिटाइतका जवळ होता!

जे साधले आणि जे राहिले

जयसिंगांच्या पदरी निरनिराळ्या परंपरांचे विद्वान होते. जगन्नाथ सम्राट हे त्यांचे पंडित मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी अरबी शिकून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ‘सम्राट सिद्धांत’ म्हणून संस्कृतात आणला. समरकंदला उलुगबेगाने पंधराव्या शतकात उभारलेल्या वेधशाळेचा आदर्श जयसिंगांसमोर होता. फिगेरेदो या जेझुइट पाद्र्याबरोबर त्यांनी पोर्तुगालला माणसे धाडली. त्यांनी परत येताना ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके आणली. ती ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आहे, असे जयसिंगांनी नोंदवले. मोठ्या नावाला भिऊन त्यांनी कोष्टके तशीच स्वीकारली नाहीत, आकाशाला विचारले.

पण चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ चा आणि न्यूटनचा १६८७ चा. जयपूरची गणिते मात्र पृथ्वी स्थिर मानूनच चालली. जयसिंगांकडे दुर्बीण होती, गुरूचे चार चंद्र त्यांनी पाहिले होते. पण कोन मोजण्याच्या यंत्राला दुर्बीण जोडण्याची जी रीत युरोपात रुळली होती, ती येथे आली नाही. १७४३ मध्ये जयसिंग वारले आणि निरीक्षणे मंदावली. राजाच्या आवडीवर उभे राहिलेले काम राजाबरोबर थांबले. एवढी मेहनत आणि एवढी अचूकता असूनही नवे ज्योतिषशास्त्र येथे जन्मले नाही. अचूक मोजमाप हा विज्ञानाचा एक पाय. नव्या कल्पना हा दुसरा. आणि काम पिढ्यानपिढ्या पुढे नेणारी शाळा हा तिसरा. तीन पायांशिवाय तिवई उभी राहत नाही.

यंत्रे पडझडीला आली होती. १९०१ मध्ये गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याने चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या मदतीने त्यांचा जीर्णोद्धार केला. हिंदी कथाकार म्हणून प्रसिद्ध असलेले गुलेरी ते हेच. उज्जैनची वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. २०१० मध्ये जयपूरच्या जंतरमंतरला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये तटबंदीतल्या जुन्या शहरालाही.

करून पाहा

सहलीला जाण्यापूर्वी घरी एक छोटे नाडीवलय करा. जाड पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. दोन्ही बाजूंना केंद्रातून १५-१५ अंशांवर रेघा ओढा. दोन्हींकडच्या रेघा एकावर एक याव्यात. केंद्रातून विणकामाची सुई आरपार घाला, चकती सुईला काटकोनात राहील अशी. खालच्या बाजूला सुई १५ सेंटिमीटर बाहेर ठेवा. आता सुईचे टोक आणि चकतीची कड टेबलावर टेकवली की सुई सुमारे साडेअठरा अंशांनी कलते, आणि पुण्याचा अक्षांश तितकाच आहे. मुंबईसाठी साडेचौदा सेंटिमीटर आणि नागपूरसाठी तेरा ठेवा. सुईचे वरचे टोक उत्तरेकडे करा. चकतीवर सर्वांत खाली १२, तेथून पश्चिमेकडे ११, १०, ९ आणि पूर्वेकडे १, २, ३ असे आकडे घाला. उन्हाळ्यात वरच्या बाजूला आणि हिवाळ्यात खालच्या बाजूला सावली वाचा. घड्याळाशी ताडताना पुण्याला ३५, मुंबईला ३९ आणि नागपूरला १४ मिनिटे मिळवायची आहेत. शिवाय महिन्याप्रमाणे दुसरी दुरुस्ती आहेच.

वर्षभर दर पंधरवड्याला हा फरक वहीत लिहून ठेवा आणि त्याचा आलेख काढा. त्याला दोन लहानमोठ्या लाटा दिसतील. त्या कोठून आल्या, याचा शोध वर्गात शिक्षकांबरोबर घ्या. मग जयपूरला जा. तेथे सम्राट यंत्राच्या चापाशी उभे राहाल तेव्हा त्या दगडी रेघा तुम्हाला ओळखीच्या वाटतील.