आर्थर अँडरसन : शेवटचा शब्द कोणाचा?

कंपनीचा ताळेबंद कंपनीच तयार करते आणि तो बरोबर आहे की नाही, हे बाहेरच्या लेखापरीक्षकाने सांगायचे असते. त्या लेखापरीक्षकाला पैसे मात्र तीच कंपनी देते. या व्यवसायातला हा पेच एकाही मोठ्या संस्थेला आजवर सुटलेला नाही. त्याला तोंड देऊन नाव कमावलेली आणि पुढे त्याच पेचात सापडून संपलेली संस्था म्हणजे शिकागोची आर्थर अँडरसन.

संस्थापक आर्थर अँडरसन यांचा जन्म १८८५ सालचा, नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला. आईवडील लवकर गेले. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करत त्यांनी हिशेबनिसाची परीक्षा दिली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवले आणि १९१३ साली एका भागीदारासह स्वतःचे कार्यालय थाटले. एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाने खर्च लपवणारा ताळेबंद मान्य करण्याचा आग्रह धरला, तेव्हा या नवख्या माणसाने साफ नकार दिला आणि ते काम गमावले. पुढे ती कंपनीच बुडाली. ही हकिकत संस्थेतल्या प्रत्येक नव्या उमेदवाराला ऐकवली जाई. १९४७ साली अँडरसन वारले. त्यांच्यामागून आलेले लिओनार्ड स्पेसेक हेही तितकेच कडक. हिशेबाचे नियम ढिले ठेवणाऱ्या स्वतःच्याच व्यवसायावर ते जाहीर टीका करत.

स्पेसेक यांच्याच काळात संस्थेला दुसरे अंग फुटले. जनरल इलेक्ट्रिकच्या लुइव्हिल येथील कारखान्याचे पगारपत्रक १९५४ च्या सुमारास युनिव्हॅक संगणकावर चढवण्याच्या कामात अँडरसनची माणसे होती. संगणक कसा वापरावा याचा सल्ला विकण्याचा धंदा तिथून वाढत गेला. १९८९ साली अँडरसन कन्सल्टिंग ही वेगळी शाखा झाली. लेखापरीक्षणापेक्षा सल्ल्यात पैसा जास्त आणि तो वाटून कोणी घ्यायचा यावर भागीदारांत कडाक्याचे भांडण. अखेर २००० साली लवादाचा निकाल लागला, सल्लागार बाहेर पडले आणि २००१ च्या आरंभी त्यांनी अ‍ॅक्सेंचर हे नाव घेतले. मागे राहिलेल्या लेखापरीक्षकांनाही मात्र सल्ल्याच्या कमाईची सवय लागून गेली होती.

इथे संस्थेच्या अंतर्गत रचनेतली एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. अवघड हिशेबी प्रश्नांवर मत देण्यासाठी अँडरसनमध्ये तज्ज्ञांचा स्वतंत्र गट होता. असा गट इतर बड्या संस्थांतही असे आणि तिथे त्याचे मत सहसा अंतिम मानले जाई. अँडरसनमध्ये ग्राहकाचे काम सांभाळणाऱ्या भागीदाराला ते डावलता येत असे. म्हणजे शुल्क आणणाऱ्याच्याच हाती शेवटचा शब्द. सारी यंत्रणा जागेवर, फक्त तिचा लगाम उलट्या हातात होता.

याचा परिणाम ह्यूस्टनच्या एन्रॉनमध्ये दिसला. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला चांगलीच माहीत झालेली ही कंपनी आपली कर्जे आणि तोटे वेगळ्या काढलेल्या कंपन्यांत दडवत असे. अशा कंपनीत बाहेरच्या, स्वतंत्र गुंतवणूकदाराचे किमान ३ टक्के भांडवल असले आणि नियंत्रणही त्याच्याकडे असले, तर तिचे हिशेब एन्रॉनच्या ताळेबंदात मिळवावे लागत नसत. ‘च्युको’ नावाच्या कंपनीत तेवढेही बाहेरचे भांडवल नव्हते. तज्ज्ञ गटातले कार्ल बास यांनी एन्रॉनच्या अनेक हिशेबांवर हरकत घेतली. एन्रॉनच्या मुख्य हिशेब अधिकाऱ्याने तक्रार केली आणि मार्च २००१ मध्ये बास यांना एन्रॉनच्या कामातून बाजूला केले गेले. ज्याला तपासायचे, त्याच्याच सांगण्यावरून तपासणारा हलवला गेला. संस्थेच्या ऱ्हासाची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही. २००० साली एन्रॉनने अँडरसनला लेखापरीक्षणासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर आणि इतर कामांसाठी २ कोटी ७० लाख डॉलर दिले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये या ग्राहकाला ठेवावे की सोडावे, यावर वरिष्ठ भागीदारांची बैठक झाली. वार्षिक शुल्क पुढे १० कोटी डॉलरवर जाऊ शकते, हाही मुद्दा त्या चर्चेत होता. ग्राहक ठेवला गेला.

ऑक्टोबर २००१ मध्ये एन्रॉनचे तोटे उघडे पडले. अमेरिकेच्या रोखे आयोगाने चौकशी सुरू केली असताना ह्यूस्टन कार्यालयात कागद फाडण्याचे आणि ईमेल पुसण्याचे काम जोरात चालले. ते थांबले आयोगाचे समन्स आल्यावर. डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल १५ जून २००२ रोजी ज्यूरीने अँडरसनला दोषी ठरवले, पण त्याआधीच ग्राहक आणि भागीदारांची रीघ बाहेर लागली होती. लेखापरीक्षकाची सही म्हणजे त्याची पत. ती गेल्यावर विकायला काही उरत नाही. ऑगस्टअखेर अमेरिकेतले लेखापरीक्षण बंद झाले. जगभरच्या सुमारे ८५,००० कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्यांचा एन्रॉनशी काडीचाही संबंध नव्हता. भारतातले काम अर्न्स्ट अँड यंगमध्ये विलीन झाले. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष ठरवून शिक्षा एकमताने रद्द केली, तोवर संस्था नावापुरतीच उरली होती. लेखापरीक्षणातल्या पाच बड्या संस्थांच्या चार झाल्या.

अँडरसन दोषी ठरली त्याच वर्षी, म्हणजे २००२ मध्ये, अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. लेखापरीक्षकाने त्याच ग्राहकाला अनेक प्रकारचे सल्ले देण्यास त्याने मनाई केली. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४४ ने तशीच बंदी घातली आणि कलम १३९ ने सूचिबद्ध कंपन्यांत एका लेखापरीक्षण संस्थेची सलग मुदत दहा वर्षांवर आणली. पैसे कोणी द्यायचे, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे तसाच आहे. लेखापरीक्षकाला लेखापरीक्षणासाठी किती आणि इतर कामांसाठी किती दिले, हे भारतीय कंपनीला वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये वेगवेगळे दाखवावे लागते. शेअर घेणाऱ्या प्रत्येकाने नफ्याच्या आकड्याआधी ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.