घोस्ट मारायचे दिवस

संगणक अडला की दुरुस्तीवाला विचारायचा, “फॉरमॅट मारू की घोस्ट मारू?” कल्याणहून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. इथल्या आणि कल्याण पूर्वेतल्या डीटीपीवाल्यांना २००० नंतरची दहाएक वर्षं या प्रश्नाचं उत्तर वारंवार द्यावं लागलं. भारनियमन होतंच. पत्रिका जुळवता जुळवता वीज जायची, इन्व्हर्टर दगा द्यायचा आणि विंडोज पुन्हा उभी राहायला तयार नसायची.

घोस्ट हा प्रोग्राम न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, मरे हॅझर्ड यांनी लिहिलेला. १९९८मध्ये सिमॅन्टेकने तो घेतला आणि पुढे तो नॉर्टन घोस्ट म्हणून घरोघरी पोचला. फ्लॉपीवरून डॉसमध्ये चालायचा आणि अख्खा सी ड्राइव्ह एका फाईलमध्ये, म्हणजे इमेजमध्ये, बांधून ठेवायचा. विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, पेजमेकर, श्रीलिपीचे फॉन्ट, सगळं त्यात यायचं. दिवसभराचं इन्स्टॉलेशन अर्ध्या तासावर आलं, याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं!

त्यात एक खाच होती. मेनूमध्ये ‘डिस्क’ आणि ‘पार्टिशन’ हे दोन पर्याय एकाखाली एक असत. सी परत आणायचा तर पार्टिशन निवडायचं; घाईत डिस्क निवडली तर डी ड्राइव्हवरचं गिऱ्हाइकांचं कामही पुसलं जायचं. खरं तर एखादीच फाईल हवी असेल तर काहीच पुसायची गरज नव्हती. घोस्ट एक्सप्लोररमध्ये इमेज उघडायची, हवी ती फाईल बाहेर काढायची, झालं. ही सोय फार थोड्यांना ठाऊक होती, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरी चूक जागेची. सीची इमेज त्याच डिस्कच्या डीवर ठेवायची पद्धत सर्रास होती. २६ जुलै २००५ला उल्हास आणि वालधुनी या नद्या फुगल्या, सखल भागातल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. जमिनीवरचा कॅबिनेट बुडाला तिथे मूळ फाईल आणि इमेज एकत्रच गेल्या. ज्यांनी सीडीवर प्रत काढून घरच्या कपाटात ठेवली होती, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवी डिस्क आणून पुन्हा कामाला बसू शकले.

पुढे काम सोपं झालं. व्हिस्टापासून विंडोज स्वतःच व्हीएचडी प्रकारची इमेज काढू लागली. विंडोज ७मध्ये ती डिस्क मॅनेजमेंटमधून जोडता आली, विंडोज ८पासून तर नुसतं डबल क्लिक केलं की नव्या ड्राइव्हसारखी दिसते. हवा तो फोल्डर कॉपी करायचा. जुन्या युजरच्या फोल्डरने परवानगी नाकारली तर मालकी आपल्याकडे घ्यायची. २०१३मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली, तेव्हा त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

भल्याभल्या कंपन्यांकडेही नेमकी हवी ती प्रत नसते, हे २७ जून २०१७ला दिसलं. नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं जाळं पाडलं; आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. सर्व्हरचे बॅकअप होते, पण कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्याच भरवशावर ठेवलेले, आणि सगळे एकदमच गेले. घानामधला तेवढा एक वाचला, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. भारनियमनात पोळलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून नवलच वाटलं.

मराठी कामापुरता जुन्या इमेजचा एक उपयोग आजही आहे. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली स्मरणिका नुसती फाईल म्हणून उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कुठल्या आवृत्तीचा कुठला फॉन्ट वापरला होता, ते त्या इमेजमध्येच सापडतं. इमेज उघडून तिच्यातल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तो काढला की पान वाचता येतं, मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. संस्थांचे अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, शाळांचे अंक असं बरंच काही या इमेजमध्ये अडकलं आहे. ज्यांच्याकडे त्या काळातल्या सीडी असतील त्यांनी त्या आताच हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. लिहिलेल्या सीडीचा रंगथर खराब होत जातो, आणि नव्या लॅपटॉपला तर सीडीचा ड्राइव्हही नसतो.