होडीला भोके कशाने पडली?

अमेरिकेत तळ्यांवर मासे धरायला बारा-चौदा फुटी, रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या होड्या वापरतात. पत्रा पुष्कळ टिकतो. कुजते ती मागची लाकडी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. संशोधनासाठी तिथे असताना मी आणि शेजाऱ्याने अशी एक जुनी होडी दुरुस्त केली. नवी फळी मुद्दाम 'न कुजणारी' घेतली. दोन उन्हाळ्यांत फळीला टेकलेल्या पत्र्याची चाळण झाली! रसायनशास्त्रातली डॉक्टरेट काही कामी आली नाही.

बुरशी लागू नये म्हणून त्या लाकडात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. (२००४ पासून तिथे घरगुती लाकडात आर्सेनिक वापरणे थांबले, तेव्हा तांब्याचे प्रमाण वाढले.) फळी भिजली की तांब्याचे आयन पत्र्यावर येतात. अ‍ॅल्युमिनिअम अधिक क्रियाशील, म्हणून ते त्यांना इलेक्ट्रॉन देऊन स्वतः विरघळते. साठलेला तांब्याचा प्रत्येक कण मग एक छोटा विद्युतघट बनतो आणि पत्रा खोल खोल पोखरला जातो. म्हणूनच अशा होडीला साधे मरीन प्लायवूड वापरावे. त्याच्या कडा आणि बोल्टची भोकेसुद्धा इपॉक्सीने बंद करावीत. तांबेयुक्त रंगही नको.

पण अ‍ॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो ना? असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. वर्गात दोन पेल्यांत मोरचुदाचे पातळ द्रावण घ्या, एकात चमचाभर मीठ विरघळवा आणि दोन्हींत अ‍ॅल्युमिनिअम फॉइलची पट्टी सोडा. मिठाच्या पेल्यात क्लोराइड आयन तो थर भेदतात. काही मिनिटांत पट्टी तांबूस होऊन झिजू लागते. दुसरी बराच वेळ जवळपास तशीच राहते. मग तिच्या पेल्यातही मीठ टाकून पाहा. मोरचूद विषारी आहे, हात धुवायला विसरू नका.