मिठाच्या कणाचा दहा-हजारावा हिस्सा

मिठाचा एक बारीक कण बोटाच्या टोकावर घ्या. वजन साधारण ५०-६० मायक्रोग्रॅम. आता निवांत बसलेल्या धडधाकट माणसाचा रक्तद्रव धरा, सुमारे ३ लिटर. त्यात व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक दर मिलिलिटरला २ पिकोग्रॅम असेल, तर एकूण भरतं अवघं ६ नॅनोग्रॅम. दहा हजार माणसांच्या रक्तातलं गोळा करावं, तेव्हा कुठे तो मिठाचा कण तोलला जाईल!

सत्ता मात्र अफाट. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. व्हॅसोप्रेसिन भरपूर असेल तर त्यातून लघवी होते अर्धा लिटर. अजिबात नसेल तर २० लिटरपर्यंत.

उन्हात पळताना तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो. १९८४च्या ऑलिंपिकच्या तयारीत मॅरेथॉनपटू अल्बेर्तो सालाझारचा घाम तासाला ३.७ लिटर मोजला गेला. घामात मीठ रक्तापेक्षा कमी, त्यामुळे मागे उरलेलं रक्त खारट होत जातं. हा खारटपणा नुसता एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी मेंदू व्हॅसोप्रेसिन सोडतो. मीठ राखणारं अल्डोस्टेरॉनही वाढतं, पण त्याचा पुरता परिणाम दिसायला तास लागतात.

अशात तुम्ही पाणी पिता. पहिले घोट गिळल्यावर काही मिनिटांतच व्हॅसोप्रेसिन उतरायला लागतं, आणि ते पाणी अजून रक्तात नीटसं पोचलेलंही नसतं. घशाची वर्दी मेंदूला पुरते.

घोळ पुढे आहे. दीर्घ श्रम, मळमळ, वेदना यांमुळे रक्त पातळ झालं तरी व्हॅसोप्रेसिन चढंच राहू शकतं. एरवी तासाला ८००-१००० मिलिलिटर बाहेर टाकू शकणारी मूत्रपिंडं मग पाणी धरून ठेवतात. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. तिघांचं जिवावर बेतण्याइतकं. सगळ्यांत ठळक खूण: पळताना वाढलेलं वजन. कोण साधं पाणी प्यायलं आणि कोण स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक पडला नाही.

पडणार तरी कसा? रक्तात लिटरला सुमारे १४० मिलिमोल सोडियम. बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये २०च्या आसपास, म्हणजे सातवा हिस्सा. जुलाबावरच्या जलसंजीवनीत ७५, तीही रक्ताहून पातळच. बाटलीवरच्या विजेच्या चित्राला भुलून ढोसलेलं पेयही शेवटी रक्त पातळच करतं. त्यातल्या साखरेचा उपयोग आहे, नाही असं नाही: लांब पळताना ती कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिनची उसळी थोडी आवरते.

तेव्हा उन्हाळ्यात लांब पळणार असाल तर आधी आणि नंतर वजन करा. किलो-अर्धा किलो उतरलं तर घाबरू नका. वाढलं असेल, तर पुढच्या वेळी तहान लागेल तेवढंच प्या. आणि वजन वाढलंय, त्यात डोकं दुखतंय, उलट्या होतायत, बोलणं विसंगत झालंय, तर आणखी पाणी न पाजता थेट दवाखाना गाठा.