साक्षीदार हवाच

बालाक्लाव्हाच्या रणांगणावर २५ ऑक्टोबर १८५४ रोजी इंग्रज घोडदळाने आत्मघातकी चढाई केली. विल्यम हॉवर्ड रसेल यांनी लिहिलेला तिचा वृत्तांत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून येण्यास १४ नोव्हेंबर उजाडला. वीस दिवस! आज रणभूमीवरील चित्र काही क्षणांत हातातल्या फोनवर उमटते. मग परदेशी वार्ताहर ठेवण्याचा भुर्दंड वृत्तपत्रांनी सोसावा तरी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर क्रायमियापासून फार दूर नसलेल्या मारिउपोलने दिले आहे. मार्च २०२२ मध्ये रशियन फौजांनी वेढलेल्या या युक्रेनी शहरात ‘असोसिएटेड प्रेस’ या अमेरिकन वृत्तसंस्थेचे म्स्तिस्लाव्ह चेर्नोव्ह, येव्हगेनी मालोलेत्का आणि त्यांचे सहकारी मागे राहिले होते. ९ मार्चला तेथील प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. फोनयंत्रणा कोलमडली होती. तेव्हा एका लुटलेल्या दुकानाबाहेरच्या जिन्याखाली दबून बसून ते चित्रे पाठवीत. ती प्रसिद्ध होताच हा सारा बनाव असल्याचे रशियन अधिकारी सांगू लागले आणि तो कांगावाही चित्रांच्याच वेगाने पसरला. स्ट्रेचरवरून नेलेली ती गर्भवती आणि तिचे बाळ दगावल्याचे डॉक्टरांकडून पडताळून घेणारे कोणी तेथे होते, म्हणूनच त्या कांगाव्याला उत्तर मिळाले. यंत्राने वेग दिला; शहानिशा माणसालाच करावी लागली.

मात्र एक फरक दृष्टीआड करून चालणार नाही. रसेल काम आटोपल्यावर लंडनला परतले. चेर्नोव्ह आणि मालोलेत्का युक्रेनचेच. ज्या युद्धाची बातमी ते देत होते, ते त्यांच्याच घरावर आले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटल्यावर इस्रायलने परदेशी वार्ताहरांना तेथे स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही. जगाला जे कळले, ते मुख्यतः पॅलेस्टिनी पत्रकारांमुळे. आणि त्यांपैकी अनेकांनी त्यासाठी प्राण मोजले. परदेशी वार्ताहराचे काम संपलेले नाही. त्याचा धोका तेवढा स्थानिकांच्या शिरावर गेला आहे. त्यांना सुरक्षा, वेतन आणि श्रेय मात्र त्या प्रमाणात मिळते काय?

मराठी दैनिकांनी परदेशात स्वतःचे वार्ताहर क्वचितच ठेवले. आपली विदेशवार्ता वृत्तसंस्थांच्या आधारावरच चालत आली. म्हणून हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. बातमीच्या आरंभी छापलेल्या गावाच्या नावावरून आपली नजर सहज घसरते. वस्तुतः तेथे कोणीतरी उभे होते, याची ती ग्वाही असते. ती ग्वाही देणारा उरला नाही, तर चित्रे उदंड असतील. विश्वास कशावर ठेवावा, हे मात्र कळणार नाही.